उरलेले पाच मणी

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयानं आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या २३ गावांत किशोरवयीन मुलींसोबत केलेलं काम आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पाळी येण्याआधीच तिची माहिती असलेल्या मुली तीन वर्षांत ३५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेल्या, तयार पॅड वापरणाऱ्या ५ वरून २५ टक्क्यांवर. २००७ साली हे छापून आलं. हे आकडे मी कितीतरी बैठकांत अभिमानानं सांगितले आहेत. पण पुढे याच वर्धा जिल्ह्यात मुलींच्या बैठका घेत फिरताना एक दिसलं. पॅडचं बोलून व्हायचं, सतरंजी गुंडाळायला घ्यायची आणि एखादी मुलगी दारापाशी रेंगाळायची. "मॅडम, माही तारीख चुकते. मले काही झालं काय?" खरी बैठक तिथून सुरू व्हायची.

२८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन. तारीख मुद्दाम निवडलेली: चक्राचे सरासरी २८ दिवस आणि रक्तस्रावाचे साधारण पाच, म्हणून पाचवा महिना. वर्ध्यात तेव्हा शाळांना सुट्टी आणि बाहेर पंचेचाळीसचं ऊन, म्हणून समाजमंदिरात कूलर लावून कार्यक्रम. मी मण्यांची माळ ओवून नेली होती. पाच लाल, तेवीस पांढरे. टाळ्या झाल्या, फोटो झाले. सगळे पांगल्यावर नववीतली एक मुलगी आली. तिचं चक्र तेहतीस दिवसांचं. माळेवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, माहे उरलेले पाच मणी कुठं ठेवू?"

इतका नेमका प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. आम्ही खाली बसलो, माळ सोडली. बीज सुटल्यानंतर पाळी यायला सुमारे चौदा दिवस लागतात. हा शेवटचा भाग फारसा हलत नाही. कमी-जास्त होतो तो बीज सुटण्याआधीचा. दहावीचं टेन्शन, ताप, वजन घटणं-वाढणं यामुळे बीज उशिरा सुटतं आणि पाळी लांबते. म्हणून पाच मणी पहिल्या अर्ध्यात. शिवाय पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षं २१ ते ४५ दिवसांतलं कुठलंही चक्र चालतं. त्या दिवसापासून मी ओवलेली माळ नेणं बंद केलं. दोरा आणि मण्यांची डबी नेते. जिची तिनं ओवायची.

दुसरा किस्सा देवळी तालुक्यातला. एका घरी आई घाबरून कालनिर्णयच भिंतीवरून काढून घेऊन आली. दुधाच्या हिशेबाशेजारी पेनानं बारीक फुल्या. "एका महिन्यात दोनदा आली जी पोरीले! २ ऑक्टोबरले आन् ३० ले." मी मागची पानं उलटली: १० जुलै, ७ ऑगस्ट, ४ सप्टेंबर. प्रत्येक वेळी बरोबर अठ्ठावीस दिवस. महिना तीस-एकतीसचा आणि चक्र अठ्ठावीसचं, म्हणून तारीख मागे सरकत गेली, इतकंच. मी समजावू लागले, तर माजघरातून आजी म्हणाली, "मी सांगतलं व्हतं इले. तिथीनं मोजलं तं एक-दोन तिथी मांगं सरकते, बाकी पोरगी बराबर हाय." आजीचा हिशेब इतका पक्का कसा? तर त्या घरात कोण कधी बाहेर बसणार, नैवेद्य कुणी करायचा, हे चाळीस वर्षं तिलाच ठरवावं लागलं. ज्या विटाळाविरुद्ध बोलायला मी गावोगाव जात होते, त्यानंच तिला ही मोजणी शिकवली होती. मी तिला पुढच्या बैठकीला सोबत नेलं. कशापासून मोजायचं हे तिनं माझ्यापेक्षा सोपं सांगितलं: "पयल्या दिसापासून पयल्या दिसापर्यंत."

महालक्ष्म्यांच्या दिवसांत मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या भरपूर खपतात. एका घरात दोन जावा. आदल्या वर्षी मोठीची पाळी आली आणि पूजेचा मान धाकटीला गेला. ते मोठीला लागलं होतं. या वर्षी दोघींनी एकमेकींना न सांगता गोळ्या घेतल्या. पूजा झाली, गोळ्या थांबवल्या. मोठीची पाळी तिसऱ्या दिवशी आली. धाकटीची आठवडा उलटला तरी नाही. शेजारणीनं 'पाळी आणायच्या' गोळ्यांचं पाकीट आणून दिलं होतं, ते तिच्या पदरात बांधलेलं. आशाताईंनी आधी लघवीची तपासणी करायला लावली. दोन रेघा. आणि मोठी जाऊ, जिच्याशी चुरस होती, तीच तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. पाळी चुकली की पहिला प्रश्न गरोदरपणाचा, लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत तरी हा विसरायचा नाही. थायरॉइड, पीसीओएस, चाळिशीनंतरचा बदल हे सगळं त्यानंतर तपासायचं. एक मात्र मी सगळ्यांना सांगते: तीन महिने पाळी आली नाही, सात दिवसांवर रक्त जात राहिलं किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजू लागला, तर वाट पाहत बसू नका.

सगळ्यात जास्त मला हलवलं ते पोलीस भरतीच्या मुलीनं. पहाटे पाचला आठशे मीटरची तयारी, मग दिवसभर लायब्ररी. वजन वाढू नये म्हणून एक भाकर कमी, नंतर दोन. तिच्या माळेत दिवाळीपासून लाल मणी नव्हता आणि होळी आली होती. घरात कुजबुज सुरू होती, आईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती मात्र खूश: "बरंच झालं मॅडम, पळायले आडकाठी नाही." मी तिच्या नडगीकडे पाहिलं. चार बोटं रुंद पट्टी. महिनाभर दुखत होतं. शरीराला पळायलाच अन्न पुरत नसेल, तर ते पाळी थांबवतं; आणि पाळीसोबत हाडांना मिळणारा आधारही जातो. डॉक्टरांनी नडगीत बारीक चीर निघाल्याचं सांगितलं. सहा आठवडे पळणं बंद, दोन भाकरी परत, वर अंडी आणि फुटाणे. ती रडली. आईही रडली, वेगळ्या कारणानं.

जुलैच्या बैठकीत ती दारापाशी मागे राहिली. डबीतला एकच मणी मागितला, लाल.