शब्दभेद : थट्टा, उपहास आणि हेटाळणी

थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, खिल्ली, उपहास, उपरोध, विडंबन, कुचेष्टा, हेटाळणी, अवहेलना, तिरस्कार हे शब्द कोशांत बऱ्याचदा एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले असतात. बोलताना आणि लिहिताना मात्र ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ज्याला हसले जाते तो त्या हसण्यात सामील आहे का, आणि रोख त्याच्या वागण्यावर आहे की खुद्द त्याच्यावर, या दोन गोष्टींवर त्यांतला भेद ठरतो.

थट्टा, मस्करी आणि चेष्टा हा पहिला गट. यात दोन्ही बाजू हसतात. दीर-भावजय, मेहुणे-मेहुणी ही थट्टेचीच नाती. ‘मस्करी’ अरबी ‘मस्खरा’वरून आली. ‘चेष्टा’ संस्कृतात केवळ हालचाल. मराठीत तिला गमतीचा अर्थ आला. कराड-मलकापूरकडे एखादी गोष्ट खरी वाटली नाही की ‘चेष्टा करतोस व्हय?’ असा प्रश्न येतो. त्यात राग नसतो. तमाशातली गवळण आणि बतावणी याच गटावर उभ्या आहेत. गवळणीत मावशी, बतावणीत सोंगाड्या थोरामोठ्यांनाही सोडत नाही, आणि ते त्याला चालते, कारण तो स्वतःचेही हसू करून घेतो.

टिंगल, टवाळी आणि खिल्ली या दुसऱ्या गटात हसणारे एका बाजूला आणि हसू झालेला दुसऱ्या बाजूला असतो. टिंगलीला बहुधा प्रेक्षक लागतात. टवाळीला रिकामटेकडेपणाचा वास आहे. म्हणून ‘टवाळखोर’ ही शिवी ठरते. ‘कुचेष्टा’ त्याहून वाईट, कारण तिच्यात दुखावण्याचा हेतू उघड असतो.

तिसरा गट बुद्धीचा. उपहासात एखादा विचार किंवा रीत हास्यास्पद करून दाखवली जाते. उपरोधात शब्द स्तुतीचे, आशय निंदेचा: तासभर उशिरा आलेल्याला ‘अगदी वेळेवर आलात!’ म्हणणे हा उपरोध. संस्कृतातील ‘विडंबन’ आणि ‘विडंबना’ यांनी मराठीत दोन वाटा धरल्या. ‘विडंबन’ साहित्यात रुळले. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेला ‘झेंडूची फुले’ (१९२५) हा संग्रह त्याचा नामांकित नमुना. ‘विडंबना’ची झालेली ‘विटंबना’ मात्र पुतळ्याची, देहाची, प्रतिष्ठेची होते आणि तिच्यात विनोदाचा अंशही उरत नाही.

हेटाळणी, अवहेलना, तुच्छता आणि तिरस्कार या चौथ्या गटात हसू असलेच तर कुत्सित असते. ‘हीन’पासून झालेले ‘हिणवणे’ या गटाचे मुख्य क्रियापद. त्याचे व्याकरणही बोलके आहे. खिल्ली ‘ची’ घेते: माणसाची, धोरणाची, पुस्तकाची खिल्ली उडवता येते. हिणवणे ‘ला’ घेते आणि समोर माणूसच लागतो. धोरणाला हिणवता येत नाही; शिकायला शहरात आलेल्या मुलाला ‘गावठी’ म्हणून हिणवता येते. त्याचे बोलणे, कपडे, गाव आणि जात एका शब्दात कमी ठरवली जाते.

हा भेद गोपाळ गणेश आगरकरांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. कराड तालुक्यातील टेंभू येथे १८५६ मध्ये जन्मलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे वृत्तपत्र सुरू केले. बालविवाह, विधवांचे केशवपन यांसारख्या रूढींवर त्यांनी युक्तिवादाने आणि उपहासाने प्रहार केले. त्यांचा रोख रूढीवर होता. पुण्यातील सनातन्यांनी मात्र त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. रूढीवरच्या टीकेला उत्तर म्हणून एका जिवंत माणसाला मेलेला ठरवण्यात आले. या कृतीला ‘थट्टा’ म्हणणे म्हणजे मिरवणूक काढणाऱ्यांची बाजू घेणे होय. तिला विटंबना हाच शब्द लागू पडतो. आगरकर १८९५ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी वारले.

म्हणून या शब्दांची निवड हा एक निवाडाच असतो. वर्गातल्या मुलाला रोज हिणवले जात असता ‘मुले मस्करी करतात’ असे लिहिले, तर त्याच्यावरचा अन्याय वाक्यातून पुसला जातो. उलट, सत्ताधाऱ्यावरच्या व्यंगचित्राला ‘विटंबना’ म्हटले, तर रास्त टीकाही गुन्हा ठरते. ज्याला हसू आले तो नव्हे, तर ज्याच्यावर हसले गेले तो त्या क्षणी कुठे उभा होता, हे पाहून शब्द निवडावा.