धूर दिसत नाही, म्हणून काय झालं?

लाकडावर डिझेल इंजिन चालतं, असं कुणी म्हटलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी या चिमुकल्या गावात १९८८ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने हेच करून दाखवलं. जनित्र जेमतेम ३.७ किलोवॉटचं. थोडं डिझेल कायम लागायचंच, पण बाकीची भूक लाकडाच्या गॅसवर भागायची.

सगळी किमया गॅसिफायर नावाच्या उभ्या भट्टीत घडते. लाकडाचे तुकडे हवेच्या तुटवड्यात जळतात. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ खालच्या लालबुंद कोळशातून ओढली जाते. तिथे कोळसा त्यांच्यातला ऑक्सिजन चक्क हिसकावून घेतो, आणि उरतात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. दोन्ही झकास जळतात. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचा जीव घेणारा तो मोनॉक्साइड, तोच इथलं मुख्य इंधन! या गॅसचा जवळपास पाचवा हिस्सा त्याचाच असतो.

आता सायलेन्सरपाशी चला. डिझेलचा तो ओळखीचा काळा भपकारा इथे फारच कमी होतो. गंधकही जवळजवळ नाही, कारण ते मुळात लाकडातच नगण्य असतं. पण खरी कमाल नायट्रोजनच्या ऑक्साइडांची. या गॅसचा निम्मा भाग हवेतून आलेला नायट्रोजन. मग ही ऑक्साइडं दणकून वाढायला हवीत ना? उलट ती घटतात! हा नायट्रोजन बिनतिकीट प्रवाशासारखा नुसता बसून जातो. स्वतः जळत नाही, पण ज्वालेची उष्णता खातो. ज्वाला थंडावली की नायट्रोजन आणि ऑक्सिजनची सोयरीक जुळत नाही. (इंधनातच नायट्रोजन भरपूर असेल तर मात्र गॅसमध्ये अमोनिया उतरतो आणि हिशेब बिघडतो.)

हा फायदा फुकट मिळत नाही. साध्या डिझेल इंजिनात मोनॉक्साइड जळण अपुरं झालं तरच तयार होतो. इथे तो आधीपासूनच सिलिंडरमध्ये हजर असतो. दट्ट्याच्या कडेच्या फटीत आणि गार भिंतीलगत ज्वाला पोचत नाही. तिथे दडलेला गॅस न जळताच बाहेर पडतो. भार कमी असताना तर आणखीच. त्यामुळे डिझेल आणि गॅस मिळून चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात मोनॉक्साइड नुसत्या डिझेलपेक्षा जास्त सापडतो. त्याला ना रंग, ना वास. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट धरतो.

माझ्या मते काळ्या धुरापेक्षा ही स्वच्छ दिसणारी झुळूकच जास्त फसवी. असं जनित्र कुठे बसवणार असाल तर खोली चहूबाजूंनी मोकळी ठेवा, सायलेन्सरची नळी छपराच्या वर न्या, आणि मोनॉक्साइड ओळखणारा अलार्म लावल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.