नाडी मंद चालते तेव्हा

भातलावणीच्या दिवसांत एखादा माणूस चिखलात चक्कर येऊन पडला, की आपल्याकडे कारणे लगेच तयार असतात. उपाशीपोटी राबला, वय झाले, अशक्तपणा आला. कुणी हळू आवाजात बाहेरची बाधाही सांगतो. आजाऱ्यांच्या भेटीला घरोघरी जाताना आम्ही हे नेहमी ऐकतो. पण ‘नाडी मोजून पाहिली का?’ असे विचारले, तर घरातली सारी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून आज या पानावर नाडीविषयीच लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. जाणकारांकडून समजून घेतले ते सोपे करून सांगतो.

हृदय हा एक पंप आहे. विहिरीवरच्या पंपाला स्टार्टर आणि वायर लागते, तशी हृदयालाही लागते. त्याच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो विजेचा बारीक इशारा देतो. इशारा ठरलेल्या वाटेने खालच्या कप्प्यांपर्यंत पोचला, की ठोका पडतो. दिवसाला असे सुमारे १ लाख ठोके पडतात. पंप धडधाकट असला, तरी स्टार्टर झिजला किंवा वायर मध्येच तुटली, तर पाणी येईल का? मंद नाडीचा आजार पुष्कळदा असाच असतो. हृदयविकाराचा झटका निराळा. त्यात हृदयालाच रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते.

नाडी मोजायला पैसा लागत नाही. पाच मिनिटे शांत बसावे. अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटे हलकेच ठेवावीत. अंगठा ठेवू नये, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागून घोटाळा होतो. घड्याळ समोर ठेवून पूर्ण १ मिनिट ठोके मोजावेत आणि ते सारख्या अंतराने पडतात का, हेही पाहावे. विसावलेल्या मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात. कष्ट करणाऱ्या निरोगी शेतकऱ्याची नाडी ५० च्या आसपास असू शकते आणि झोपेत ती आणखी उतरते. त्याला काही त्रास नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. पण नाडी मंद आहे आणि त्याबरोबर चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चार पावलांत दम लागतो किंवा शुद्ध हरपते, तर तो अशक्तपणा समजून टॉनिक पीत बसू नये. सिल्व्हासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलात जाऊन हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढून घ्यावा. माणूस बेशुद्ध पडला किंवा छातीत दुखू लागले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

नाडी मंद होण्याची कारणे अनेक आहेत. वयानुसार हृदयातील ती ‘वायर’ झिजते. थायरॉईड ग्रंथीचे काम कमी पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ठोके कमी होतात. अशा वेळी गोळी मनाने न सोडता डॉक्टरांना दाखवावी. कण्हेर आणि बिट्टी यांचे विष तर थेट हृदयावरच जाते. त्यांचा पाला किंवा बी घरगुती औषध म्हणून कधीही देऊ नये.

शेतकऱ्याने आणखी एक कारण ध्यानात ठेवावे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके फवारताना अंगात भिनली, तर दरदरून घाम येतो, तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो आणि नाडी मंदावू शकते. अशा माणसाचे कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने स्वतःचे हातही जपावेत. लगेच दवाखाना गाठावा आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी.

आता अनियमित ठोक्यांविषयी. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखे वाटते, ते पुष्कळदा निरुपद्रवी असते. जागरण, फार चहा, तंबाखू, ताडी-दारू यांनी ते वाढते. पण नाडीला काही ताल राहिला नाही, ती सतत वेडीवाकडी चालू लागली, तर गोष्ट गंभीर आहे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त आत साकळते, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली, की अर्धांगवायू होतो. लहानपणी घसा धरून सांधे सुजण्याचा ताप आलेल्यांच्या हृदयाच्या झडपा खराब होतात, त्यांना हा धोका अधिक. म्हणून मुलांच्या घशाच्या दुखण्याची हयगय करू नये. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर ती बरे वाटते म्हणून बंद करू नये. दात काढायचा असला, तरी आधी डॉक्टरांना सांगावे.

‘वायर’च तुटली असेल, तर पेसमेकर बसवतात. खांद्याच्या खाली कातडीत बसवलेले हे लहानसे यंत्र ठोका चुकला, की स्वतः इशारा देते. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तो काही तासांतच बंद पडला. आयुष्यभरात त्यांना एकामागून एक अशी एकूण २६ यंत्रे लागली, पण ते २००१ पर्यंत, ८६ वर्षांचे होईतो जगले.

गरिबाला हे यंत्र परवडत नाही, म्हणून वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात एक वेगळे काम झाले. अमेरिकेत मरण पावलेल्यांच्या देहातून, नातेवाइकांच्या संमतीने काढलेले पेसमेकर तपासून, निर्जंतुक करून तेथील ५३ गरजू रुग्णांना बसवले. २०११ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. कुणाला जंतुसंसर्ग झाला नाही, यंत्रे नीट चालली आणि बायामाणसे पुन्हा घरकामाला लागली. एकाच्या मरणानंतर त्याचे यंत्र दुसऱ्याच्या घरची चूल पेटती ठेवते, हे वाचून आमचे मन भरून आले. आज आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि त्यांत पेसमेकरही येतो. तेव्हा खर्चाच्या भीतीने आजार लपवू नये. कार्ड काढून ठेवावे.

पेसमेकर म्हणजे शेती सुटली, असे नाही. पहिले काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्यावर उचलू नये व ओझे वाहू नये. जखम भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने काम सुरू करता येते. चालू ट्रॅक्टर-इंजिनावर वाकू नये, वेल्डिंग करू नये, मोबाईल छातीच्या खिशात ठेवू नये, पेसमेकरचे कार्ड जवळ बाळगावे आणि तपासणीची तारीख चुकवू नये. बॅटरी साधारण आठ-दहा वर्षे चालते, मग यंत्र बदलतात.

बंधुभगिनींनो, बैल मंदावला तर आपण त्याच्या पायाखुराला हात लावून पाहतो. मग म्हाताऱ्या बापाच्या मनगटाला का लावू नये? आज रात्री जेवणानंतर घड्याळ पुढे ठेवून घरातल्या वडीलधाऱ्यांची नाडी मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे चक्कर आलीच, तर डॉक्टरांना सांगायला तुमच्यापाशी काहीतरी असेल.