कापडाची किंमत, कातणारीची मजुरी

हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी. ती महाग का पडते? गिरणीतला एक कामगार शेकडो चात्या सांभाळतो. साध्या चरख्यावर एका वेळी एकच धागा निघतो. मग खादी स्वस्त ठेवायची, तर कातणारीच्याच मजुरीला कात्री लागते. वर्ध्याच्या मगनवाडीत राहणाऱ्या गांधीजींना हे मान्य नव्हते. त्यांच्या आग्रहावरून १९३५ साली अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे ठरवले. साहजिकच खादी महागली; तो भार गिऱ्हाइकाने उचलायचा होता.

२०१३च्या नियमांनुसार दिले जाणारे ‘खादी मार्क’ हे चिन्ह कापड कसे बनले एवढेच सांगते. कातणारीच्या हाती किती पडले, हे दुकानात विचारावे लागते. मुलांना हा प्रश्न विचारायला जरूर शिकवावे.