मारुतीच्या देवळामागे, २०४८ बिट

केवायसी अपडेट नाही म्हणून आईचं बँकखातं अडकलं. आई कागदांची पिशवी घेऊन आणि मी मोबाईल घेऊन, असे दोघं डोंबिवलीतल्या शाखेत गेलो. खिडकीमागच्या मुलीनं विचारलं, "काकू, लाईट बिल आणलंय का?" आईनं घडी उलगडून पुढे केलं. मुलीनं कागद उजेडात धरला.

"हे प्रिंटआउट आहे हो. ओरिजिनल कुठंय?"

प्रश्न साधा होता, पण मी गडबडलो. महावितरणच्या गो-ग्रीन योजनेत कागदी बिल नको म्हटलं की बिलात थोडी सूट मिळते. ती आम्ही घेतलेली. म्हणजे ओरिजिनल माझ्या ईमेलमध्ये आणि मुलीच्या हातात होती ती त्याची नक्कल. आयुष्यभर उलटं शिकलो होतो की कागद खरा आणि बाकी सगळं झेरॉक्स. त्यात बिलावर नाव आजोबांचं. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, मीटर अजून त्यांच्याच नावावर फिरतोय. नाव बदलायचा अर्ज कुणी केलाच नाही, आळस आमचाच.

बँकेनं बिल मागताना विजेचंच का मागावं, किराण्याचं का नाही? कारण बँकेचा माणूस कधी आपला जिना चढलेला नसतो. पण वीज कंपनीची वायर चढलेली असते. खांबावरून निघून, खिडकीच्या कोपऱ्यातून शिरून ती थेट आईच्या मिक्सरपर्यंत पोचते, आणि जिन्याखालच्या मीटरचा फोटो काढायला दर महिन्याला कुणीतरी येतं. बिल म्हणजे त्या वायरची साक्ष. पाण्याचं बिल, पाईप गॅसचं बिल, घरपट्टीची पावती, बँकेच्या यादीतले हे कागदही घराला चिकटलेल्या कशाचे तरी आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या लेखी मात्र ही साक्ष तात्पुरती. पक्के कागद सहाच: पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. यातल्या कागदावर सध्याचा पत्ता नसेल तरच लाईट बिल चालतं, तेही दोन महिन्यांच्या आतलं, आणि पुढच्या तीन महिन्यांत नव्या पत्त्याचा पक्का कागद द्यावा लागतो. पॅनकार्डावर पत्ताच नसतो, त्यामुळे या रांगेत ते कुठेच नाही.

आधारचा पत्ता मात्र वेगळ्याच मातीचा आहे. घरी येऊन मी आईचं ई-आधार उतरवलं आणि त्यावरचा तो मोठा चौकोनी क्यूआर कोड एका छोट्या प्रोग्रॅमनं उघडून बघितला. आधी हाती आली हजारो आकड्यांची एकच सलग संख्या. ती उलगडल्यावर एकामागून एक रकाने सुटत गेले: नाव, जन्मतारीख, केअर ऑफ, जिल्हा आणि मग चक्क 'लँडमार्क'. आईच्या लँडमार्कच्या रकान्यात लिहिलं होतं, मारुतीच्या देवळामागे. शेवटी एक बारीकसा फोटो आणि त्यामागे २५६ बाईट, म्हणजे २०४८ बिट. ही आधार प्राधिकरणाची डिजिटल सही.

ही सही काय करते? आधी साऱ्या मजकुराचा गणिती ठसा काढला जातो. 'मागे'च्या जागी 'पुढे' केलं, एखादं अक्षर जरी हलवलं, तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. त्या ठशावर प्राधिकरण आपली गुप्त किल्ली फिरवतं. तिची जोडीदार किल्ली उघड असते, कुणीही वापरावी. तिनं सही उघडून बघायची आणि ठसा जुळतो का ते ताडायचं. इंटरनेटही लागत नाही. खोटी सही करायची तर दोन प्रचंड मूळ संख्यांचा ६१७ आकडी गुणाकार फोडावा लागेल. अशा गुणाकारांपैकी २५० आकडी एक संशोधकांनी २०२० साली फोडला, त्यालाही असंख्य संगणक जुंपावे लागले. म्हणजे आमच्या गल्लीतला मारुती आता चांगल्याच भक्कम गाभाऱ्यात बसलाय.

आणखी गंमत पुढेच आहे. डिजिटल सही केलेली पीडीएफ छापली की सही फाईलमध्येच राहते, कागदावर नुसती शाई उतरते. क्यूआरचं तसं नाही. सही त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतच भरलेली असल्यामुळे ती छापा, झेरॉक्स काढा, झेरॉक्सची झेरॉक्स काढा, ठिपके वाचता येतात तोवर प्रत्येक प्रत ओरिजिनलच. खिडकीतल्या मुलीच्या प्रश्नाला इथं अर्थच उरत नाही.

पण ही सही सांगते काय? एवढंच, की अमुक पत्ता प्राधिकरणाच्या नोंदीत आहे. आई तिथं राहते का, हे तिला ठाऊक नाही. आणि प्राधिकरणाला तरी तो पत्ता कुणी सांगितला? आधारवरचा पत्ता बदलायला चालणाऱ्या कागदांत बँकेचं पासबुकही आहे. बँक आधार मागते, आधार पासबुक मागतं. हे चक्र कुठंतरी जमिनीला टेकायला हवं, आणि ते माणसांवर टेकलेलं आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटली गेली. ज्यांच्याकडे एकही कागद नाही अशांसाठी आधारच्या नियमांत तेव्हापासून 'इंट्रोड्यूसर' होता. म्हणजे 'मी याला ओळखतो, हा इथंच राहतो' असं सांगणारा माणूस. पूर्वी हे काम गावचा पोलीस पाटील करायचा.

जागेचं गणित त्या मानानं सोपं. एकट्या महाराष्ट्रात पिंपळगावं किती, वडगावं किती! या गोंधळावरचा उतारा शोधला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. पहिला आकडा विभागाचा: ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडकडे. मुंबई ४००, गोवा ४०३, पुणे ४११. पण सहा आकडे पोस्ट ऑफिसशी थांबतात, दारापर्यंत येत नाहीत.

तिथून पुढची वाट २०२५ साली आलेल्या डिजिपिननं धरली. तो टपाल खात्यानं आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राबरोबर तयार केला. सगळा देश मावेल असा एक चौकोन घ्यायचा, त्याचे सोळा भाग करायचे, त्यातल्या एकाचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा. दहाव्या खेपेला हाती येतो जेमतेम चार मीटर बाजूचा तुकडा, आमच्या हॉलएवढा. असे तुकडे होतात एक लाख कोटींच्या वर, आणि प्रत्येकाला दहा अक्षरांचं नाव. फक्त आमच्या डोक्यावर एक बिऱ्हाड आहे आणि पायाखाली एक. तिघांचा डिजिपिन एकच. आकाशातून बघणाऱ्याला मजले दिसत नाहीत. आणि तुकडा कुठं आहे हे कळलं तरी त्यात कोण झोपतं हे डिजिपिन सांगत नाही.

आईचं पुढे काय झालं? आम्ही पुन्हा शाखेत गेलो, या वेळी मॅनेजरकडे. केवायसीचं नूतनीकरण करताना फक्त पत्ता बदललेला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमात एक ओळ आहे, ती बऱ्याच खिडक्यांवर कुणाला आठवत नाही: ग्राहकानं स्वतः लिहून दिलेला पत्ता घ्यावा. एवढ्या किल्ल्या, एवढे ठसे, आणि शेवटी आईचा शब्द. अर्थात बँक एवढ्यावर सोडत नाही. दोन महिन्यांत तिनं त्या पत्त्याची खातरजमा करायची असते: पत्र पाठवून, माणूस पाठवून किंवा चेकबुकासारखी एखादी वस्तू पाठवून. पोचली तर पत्ता खरा.

आईचं चेकबुक स्पीड पोस्टनं आलं. पोस्टमन नवा होता. खाली इस्त्रीवाल्याला त्यानं पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं. इस्त्रीवाल्यानं हातातली इस्त्री उभी केली आणि दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवलं. "त्या काय, गॅलरीत उभ्या आहेत."