हक्कांचा तास आणि शाळेचा उंबरठा

पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडे आत, देहू-आळंदीपासून फार दूर नसलेले निघोजे हे खेड तालुक्यातील गाव. एका पिढीपूर्वी या गावाची ओळख शेतीची होती. पुढे चाकणची औद्योगिक वसाहत टप्प्याटप्प्याने पसरली आणि निघोजे, महाळुंगे, खराबवाडी ही नावे मोटारींच्या कारखान्यांच्या पत्त्यांत दिसू लागली. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये आणि महिंद्रचा २०१० मध्ये या परिसरात सुरू झाला. त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे उद्योग आले, वाहतूकदार आले आणि अर्थातच कामगार आले. जमिनीचे मोल बदलले, घरांच्या मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि गावच्या शाळेत बसणारी मुलेही बदलली.

अशा पट्ट्यातील कोणत्याही शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. एका बाकावर मूळच्या शेतकरी कुटुंबातला मुलगा असतो. त्याच्या वडिलांनी जमीन दिली आणि आज ते खोल्यांच्या भाड्यावर किंवा एखाद्या वाहनावर संसार चालवतात. शेजारी लातूर-नांदेडकडून आलेल्या कामगाराची मुलगी असते. तिच्यापलीकडे बिहार वा ओडिशातून आलेला एक मुलगा असतो. त्याला मराठी समजू लागले आहे, पण बोलताना तो अडखळतो. त्याचे वडील ठेकेदाराच्या हाताखाली आहेत. काम संपले की बिऱ्हाड हलते आणि मुलाची शाळाही हलते. समता, स्वातंत्र्य, भेदभावास मनाई हे शब्द या वर्गासाठी पुस्तकी नाहीत. तिन्ही मुलांचा दिवस त्या शब्दांच्या असण्यानसण्यावर उभा आहे.

म्हणूनच मानवी हक्कांचे शिक्षण घेऊन स्वयंसेवकांची पथके शाळेत जाऊ लागली, तर त्यांचे स्वागत केले पाहिजे. अशी पथके उभी करण्यास लागणारी माणसे आणि व्यवस्था आपल्याकडे नाहीत असे नव्हे. १९६९ पासून महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहे. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्याने कायदेविषयक साक्षरतेचे काम शासनमान्य यंत्रणेकडे सोपवले. तालुक्याच्या पातळीवर विधी सेवा समित्या आल्या आणि २००९ पासून विधी स्वयंसेवकांची योजनाही आहे. विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि अलीकडे कारखान्यांतील कर्मचारीही या कामास हात लावू शकतात. प्रश्न पथके मिळण्याचा नाही. तासभर बोलून पथक निघून गेल्यावर वर्गात मागे काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

हा विचार परका नाही

मानवी हक्क ही पश्चिमेकडून आलेली वस्तू आहे, असा एक समज शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो. महाराष्ट्राच्या इतिहासात त्यास आधार सापडत नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. महाडला मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परिषदेत माणसाच्या समान जन्मसिद्ध हक्कांचा उच्चार करणारा ठराव आला. त्या परिषदेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचे स्मरण करून दिले होते. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यानंतर एकवीस वर्षांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी आला. त्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषांचा बोध होईल असा शब्द न राहता 'सर्व मानव' असा अर्थ देणारा शब्द आला, तोही हंसाबेन मेहता या भारतीय प्रतिनिधीच्या आग्रहाने.

त्या जाहीरनाम्याने आपल्या प्रास्ताविकातच हक्कांविषयीचा आदर अध्यापनाने व शिक्षणाने वाढवावा असे सांगितले आहे. हक्क न्यायालयात मागावे लागतात हे खरे. पण मागण्याची बुद्धी आणि दुसऱ्याचा हक्क मान्य करण्याची सवय शाळेत घडते, हे त्याच्या कर्त्यांनी ओळखले होते.

पुस्तकात आहे, अनुभवात नाही

आपल्या शाळांत हा विषय मुळीच नाही, असेही म्हणता येणार नाही. पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच संविधानाची उद्देशिका छापलेली असते. सातवीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्कांचे धडे आहेत. राज्यातील शाळांत उद्देशिकेचे सामूहिक वाचन व्हावे, असा निर्णय २६ जानेवारी २०२० पासून अमलात आला. तरीही नागरिकशास्त्र हा बहुतेकांच्या लेखी इतिहासाच्या शेपटीस बांधलेला, थोड्या गुणांचा विषय राहिला आहे. समतेचा हक्क कोणत्या कलमात आहे हे मुलगा अचूक लिहितो आणि मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलास त्याच्या बोलीवरून हिणवतो. परीक्षेत त्यास पैकीच्या पैकी गुण मिळतात, कारण हिणवण्याची नोंद कोणत्याही उत्तरपत्रिकेत होत नसते.

बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाचे मोल इथे आहे. त्याच्या हाती गुण नसतात, म्हणून त्याच्यापुढे मुले मोकळी होतात. 'या वर्गात कोणाला कधी आपण परके आहोत असे वाटले का?' हा प्रश्न तो विचारू शकतो. उत्तरे आली की कलमे आपोआप अर्थपूर्ण होतात. २०११ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांच्या शिक्षणाविषयी जो जाहीरनामा स्वीकारला, त्यात या शिक्षणाची तीन अंगे सांगितली आहेत : हक्कांची माहिती देणे, शिकणाऱ्याचा व शिकवणाऱ्याचा मान राखणाऱ्या रीतीने शिकवणे, आणि हक्क वापरण्याचे व दुसऱ्याचे हक्क जपण्याचे बळ देणे. भित्तिपत्रक लावून किंवा व्याख्यान देऊन पहिले अंग कसेबसे साधते. उरलेली दोन त्या शाळेच्या रोजच्या वागणुकीतूनच साधायची असतात.

कारकुनाच्या टेबलावरचा हक्क

मुलाच्या आयुष्यात हक्काशी पहिली गाठ कोठे पडते? ती न्यायालयात पडत नाही. शाळेच्या कार्यालयात, प्रवेशाच्या टेबलापाशी पडते. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि तो अमलात आणणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. स्थलांतरित कुटुंबाच्या दृष्टीने या कायद्यातील काही तरतुदी मुखोद्गत असाव्यात इतक्या महत्त्वाच्या आहेत. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेतून दाखला येण्यास उशीर झाला, हेही प्रवेश नाकारण्याचे वा लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट दाखला देण्यास विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. शाळा मध्येच सुटलेल्या मुलास त्याच्या वयास योग्य अशा वर्गात घ्यावे आणि इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असेही कायदा सांगतो. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई आहे.

आता कल्पना करावी की पाळी संपवून, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून एक बाप मुलास घेऊन शाळेच्या कार्यालयात आला आहे. त्याच्याजवळ दाखला नाही. टेबलामागच्या माणसाने 'दाखला आणा, मग पाहू' असे म्हटले, तर तो बाप वाद घालणार नाही, निघून जाईल. पुन्हा रजा मिळेपर्यंत महिना जाईल आणि तोवर मूल खोलीत धाकट्या भावंडास सांभाळत बसेल. त्या एका वाक्यात दुष्टपणा नसतो. बहुधा सवय असते, आणि अपुऱ्या कागदावर सही केल्याबद्दल उद्या कोणी जाब विचारील अशी भीती असते. पण तेवढ्याने मूलभूत हक्क उंबरठ्याबाहेर राहतो. आत सातवीच्या वर्गात त्याच वेळी त्याच हक्काचा धडा चालू असेल, तर त्या धड्यास काय अर्थ राहिला?

पुणे परिसरात या उंबरठ्यावर काम झालेले आहे. बांधकामांवरील मजुरांच्या मुलांसाठी १९९३ पासून पुण्यात काम करणाऱ्या 'डोअर स्टेप स्कूल' या संस्थेने २०११ मध्ये 'एव्हरी चाइल्ड काउंट्स' या नावाची नागरिकांची मोहीम सुरू केली. स्वयंसेवकांनी बांधकामांवर आणि वस्त्यांवर जाऊन शाळाबाह्य मुले शोधायची, पालकांशी बोलायचे आणि मुलास जवळच्या शाळेपर्यंत पोहोचवायचे, असे तिचे स्वरूप. या कामात हक्कांवरचे भाषण नाही; पण हक्क म्हणजे काय, हे मुलास आणि पालकास त्यातून जितके कळते तितके दहा व्याख्यानांतून कळणार नाही.

शिक्षकास वगळून नव्हे

दुसरा अनुभव तमिळनाडूचा आहे. मदुराईच्या 'पीपल्स वॉच' या संघटनेने १९९७ मध्ये शाळांतून मानवी हक्क शिक्षणाचा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो अनेक राज्यांत नेला. सहावी ते आठवी अशी सलग तीन वर्षे हा विषय शिकवायचा आणि तो शाळेतील शिक्षकांनीच, प्रशिक्षण घेऊन, शिकवायचा, हे त्याचे वैशिष्ट्य. त्यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. स्वयंसेवक महिन्यातून एकदा येतो. शिक्षक रोज असतो. मुलाने एखादी तक्रार धीर करून सांगितली, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीशी उभे राहणारे माणूस शाळेतच हवे. ते नसेल, तर मुलास हक्क सांगणे म्हणजे त्यास एकट्याने संकटात लोटणे होय. मारणाऱ्या माणसापुढे कलमाचा आकडा ही ढाल होत नाही.

म्हणून पथकाने शिक्षकास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून चालणार नाही. शिक्षकाचीही बाजू आहे. अनेक भाषांची, अनेक पातळ्यांची मुले एका वर्गात. वर्षाच्या मध्यात येणारी आणि मध्यातच जाणारी मुले. शिवाय शाळाबाह्य कामांचा भार. त्याच २००९ च्या कायद्याने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांस शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे. आपल्या हक्काविषयी जागा असलेला शिक्षकच मुलाच्या हक्काचा राखणदार होऊ शकतो. पथकाने पहिला तास मुलांचा न घेता शिक्षकांचा आणि कार्यालयातील सेवकांचा घ्यावा, तो याचसाठी.

हक्क शिकवले की मुले उद्धट होतात, त्यापेक्षा कर्तव्ये शिकवावीत, असा आक्षेप नेहमी येतो. त्यात तथ्य एवढेच की केवळ 'माझा हक्क' शिकवणारे शिक्षण अपुरे असते. पण वर्गात हक्क एकाचा कधीच नसतो. आपल्या बोलीची थट्टा होऊ नये हा एका मुलाचा हक्क, तेच शेजारच्या चाळीस मुलांचे कर्तव्य. हे ज्यास उमगले तो उद्धट होत नाही. तो दुसऱ्यासाठी बोलू लागतो. आपल्या अपमानाने चिडणारी मुले पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या अपमानाने अस्वस्थ होणारे मूल घडवणे हे या शिक्षणाचे फळ होय.

पथकांनीही काही पथ्ये पाळावीत. दहा डिसेंबर किंवा सव्वीस जानेवारीस येऊन छायाचित्रे काढून जाण्यापेक्षा एकाच शाळेत वर्षभर, ठरल्या दिवशी जावे. जो कारखान्यातून आला असेल त्याने ध्यानात ठेवावे की समोरच्या बाकावरील मूल ठेकेदारी कामगाराचे असू शकते; त्याच्या बापाच्या मजुरीविषयी ते विचारील, आणि तो प्रश्न टाळणारा स्वयंसेवक त्यास हक्कांविषयी काही शिकवू शकणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना योग्य प्रमाणात स्थान द्यावे, असेही कायदा म्हणतो. खोल्यांमधून राहणाऱ्या पालकांना पाळ्या सांभाळून त्या बैठकीस येता येईल अशी वेळ ठरवून घेणे, हेही पथकाचेच काम आहे.

वर्षाअखेरीस अशा उपक्रमाचे मोजमाप करायचे झाल्यास किती व्याख्याने झाली आणि किती प्रमाणपत्रे वाटली, हे मोजू नये. दाखल्यावाचून आलेली किती मुले त्याच दिवशी वर्गात बसली? छडी कपाटात गेली का? अडखळत मराठी बोलणारा मुलगा वर्गात हात वर करू लागला का? निघोज्यासारख्या गावात, जिथे अर्धे गाव कालपरवा आले आहे, तिथे हे तीन प्रश्न विचारले गेले आणि त्यांची उत्तरे होकारार्थी मिळाली, तर हक्कांचा तास वाया गेला नाही असे समजावे.