बाभूळ : वर्गीकरण व नामांतर

बाभूळ हा रूक्ष प्रदेशातील परिचित काटेरी वृक्ष शिंबावंत कुलातील आहे, याविषयी मतभेद नाही. तिची प्रजाती कोणती, हा प्रश्न मात्र अडीचशे वर्षे चालला. निकटसंबंधी जातींची प्रजाती, अशा प्रजातींचे कुल व कुलांचा गण अशी वर्गीकरणाची चढती श्रेणी असते. शास्त्रीय नावातील पहिले पद प्रजातीचे असल्याने झाडाची प्रजाती बदलली की नावही बदलते.

लिनीअस यांनी १७५३ मध्ये बाभळीला मिमोजा निलोटिका म्हटले, म्हणजे तिला लाजाळूच्या प्रजातीत घातले. पुढच्याच वर्षी फिलिप मिलर यांनी ॲकेशिया ही प्रजाती वेगळी केली व बाभूळ पुढे तिच्यात आली. केसरदले असंख्य व सुटी असणे हे जॉर्ज बेंथॅम यांनी १८४२ मध्ये या प्रजातीचे मुख्य लक्षण मानले. लाजाळूत केसरदले मोजकी असतात, तर शिरीषात ती तळाशी जुळलेली असतात. हे लक्षण ओळखण्यास सोयीचे होते, परंतु त्यामुळे दूरचे नातलग एकत्र आले. बाभळीचे काटे उपपर्णांपासून बनलेले, लांब व सरळ असून फुलांचे गोंडे गोल असतात. खैराचे काटे आखूड व आकडेदार असून त्यांचा उपपर्णांशी संबंध नसतो. फुले लांबट कणिशात येतात. ऑस्ट्रेलियातील बहुतेक जातींना काटे नसतात व पुष्कळांत पानाचा देठच पात्यासारखा पसरट होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या अभ्यासाने या भेदांना पुष्टी दिली. ऑस्ट्रेलियातील जाती बाभळीपेक्षा शिरीषाच्या गटाला अधिक जवळच्या ठरल्या, आणि प्रजातीचे विभाजन अटळ झाले.

मूळ नाव कोणत्या गटाकडे राहावे, हा प्रश्न मात्र पुराव्याचा नसून नियमाचा होता. प्रत्येक प्रजातीची एक नमुना जाती ठरलेली असते. ती ज्या गटात जाईल तेथे नाव जाते. ॲकेशियाची नमुना जाती बाभूळच होती. तथापि ऑस्ट्रेलियातील सुमारे एक हजार जातींची नावे बदलावी लागू नयेत म्हणून तेथील एक जाती नमुना ठरविण्याची सूचना पुढे आली. व्हिएन्ना येथील २००५ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिविज्ञान परिषदेत सुमारे ५५ टक्के मते या सूचनेच्या विरोधात पडली; पण समितीची शिफारस फेटाळण्यास ६० टक्के मते लागत असल्याने ती संमत झाली. मेलबर्न येथील २०११ च्या परिषदेने हा निर्णय कायम केला. सोयीच्या दृष्टीने तो समर्थनीय असला, तरी आफ्रिकेतील व भारतातील अनेक अभ्यासकांना तो रुचला नाही, आणि त्यांची नाराजी अनाठायी म्हणता येत नाही : प्राचीन ग्रीकांनी ॲकेशिया हे नाव ईजिप्तमधील काटेरी झाडालाच दिले होते.

आता बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका व खैर सेनेगॅलिया कॅटेचू या नावांनी ओळखले जातात. जुन्या ग्रंथांतील ॲकेशिया ॲरॅबिका व ॲकेशिया निलोटिका ही बाभळीचीच नावे होत. महाराष्ट्रात लागवडीतून पसरलेली, काटे नसलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ मात्र आजही ॲकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिसच आहे.